दीर्घकालीन वेदनेची राष्ट्रीय संस्था: खुर्चीत कोण हवं?

झावळी, रत्नागिरी | ७ जुलै, रात्री ९.१२

नमस्कार मंडळी. सल्ला हवाय. थोडं लांबण लागेल, सांभाळून घ्या.

आमचा रत्नागिरीत कायमचं दुखणं मागे लागलेल्यांचा एक गट आहे. महिन्यातून एकदा शाळेच्या रिकाम्या वर्गात जमतो. काजू कारखान्यातल्या बायका, मिरकरवाड्याला कोळंबी सोलणाऱ्या, चिरेखाणीतले दोघे, एक निवृत्त एसटी ड्रायव्हर, फायब्रोमायाल्जिया (अंगभर कायम दुखण्याचा आजार) असलेली कॉलेजातली मुलगी, आणि २००६ च्या चिकुनगुनियात सांधे धरले ते आजतागायत न सुटलेल्या दोन मावश्या. मी शिक्षिका होते, मानेच्या दुखण्यापायी नोकरी सोडली. गटाची नोंदणी वगैरे काही नाही. एकमेकांचं ऐकतो, कोणता डॉक्टर नीट बघतो ते सांगतो, मुंबईला मोठ्या इस्पितळात जायचं असेल तर सोबत कोण जाणार ते ठरवतो.

तर आता देशपातळीवर अशा रुग्णांची बाजू मांडणारी एक संस्था उभी राहतेय. सरकारदरबारी, विमा कंपन्यांकडे आपलं म्हणणं नेणारी. नाव इथे घेत नाही, नोंदणी अजून व्हायचीय. त्यांना कुणाकडून तरी आमच्या गटाचं कळलं आणि मला मंडळावर या म्हणून मेल आला. आनंद झाला, खोटं कशाला बोलू. मग सोबत जोडलेला नियमावलीचा मसुदा वाचला.

मंडळ ११ जणांचं. सहा डॉक्टर, दोन उद्योजक, एक निवृत्त सनदी अधिकारी, एक वकील, एक सीए. अध्यक्ष म्हणून दिल्लीतले एक बडे सर्जन ठरल्यात जमा आहेत. रुग्ण प्रतिनिधी दोन, पण ते अकरांच्या बाहेर, 'विशेष निमंत्रित'. सभेला बसायचं, बोलायचं, मत द्यायचं नाही. त्यातली पश्चिम किनाऱ्याची जागा माझी.

जावं का? आणि मुळात अशा संस्थेच्या प्रमुखपदी कोण असावं? आमच्या गटात यावरून दोन तट पडलेत, म्हणून इथे विचारतेय.


वाशिष्ठी, चिपळूण | रात्री ९.४०

जा. डोळे मिटून जा. तू नाही म्हणालीस तर ती जागा पुण्यामुंबईच्या कुणाला तरी जाईल आणि कोकण पुन्हा नकाशावर नाही. मत आज नसेल, उद्या मिळेल. आत गेल्यावर भांडता येतं, बाहेरून नुसती पत्रं लिहिता येतात.


खाडीकाठ, राजापूर | रात्री १०.०५

वाशिष्ठीताईंशी सपशेल असहमत. पंगतीत बसवायचं आणि पान मांडायचं नाही, असला प्रकार आहे हा. वर छापील पत्रकावर तुमचं नाव येणार आणि लोक तुम्हालाच विचारणार, ताई, तुम्ही होतात ना त्या मंडळावर, मग असं कसं ठरलं?

आपल्याच देशात वेगळं घडलेलं आहे. हिमोफिलिया फेडरेशन १९८३ मध्ये उभी राहिली ती रुग्ण आणि त्यांच्या घरच्यांच्या बळावर. अपंगांच्या १९९५ च्या कायद्यासाठी जावेद आबिदी रस्त्यावर उतरले ते स्वतः व्हीलचेअरवर बसून. पुढे २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आला, त्यात सातच्या जागी २१ प्रकार झाले. त्या यादीत हिमोफिलिया आहे, थॅलेसेमिया आहे, सिकलसेल आहे, पार्किन्सन आहे. निव्वळ दीर्घकालीन वेदना नाही. ज्याच्या हाताला काठी नाही, पायाला प्लास्टर नाही, पण जो दिवसाचे चार तास उभा राहू शकत नाही, त्याला प्रमाणपत्र कशाच्या आधारावर मिळणार? ही लढाई अजून सुरूच व्हायचीय आणि तिचा सेनापती तुम्ही सर्जन नेमताय. त्यांना हे दुखणं ऑपरेशन टेबलाच्या पलीकडून माहीत.


भूलथापा, कुडाळ | रात्री १०.५२

मी भूलतज्ज्ञ आहे, आठवड्यातले दोन दिवस वेदना ओपीडी बघतो. (टोपणनावावरचे विनोद करून झालेत. नवीन असेल तरच सांगा.)

सहा डॉक्टर बघून लगेच नाक मुरडू नका. या संस्थेचं बरंचसं काम कागदाचं आहे. तीन महिन्यांहून जास्त टिकणारी किंवा पुन्हापुन्हा उठणारी वेदना ती दीर्घकालीन, अशी व्याख्या आहे. जागतिक आरोग्य संघटनेने आयसीडी-११ मध्ये, म्हणजे आजारांच्या जागतिक वर्गीकरणात, तिला स्वतंत्र संकेतांक दिलाय, एमजी३०. हे वर्गीकरण २०१९ ला मंजूर झालं, २०२२ पासून लागू आहे. विमा कंपनीच्या टेबलावर कहाणी चालत नाही, संकेतांक चालतो. तो मुद्दा लावून कोण धरणार?

दुसरं उदाहरण घरचंच. १९८५ चा अमली पदार्थ कायदा आला आणि मॉर्फिन बाळगायला इतके परवाने लागू लागले की इस्पितळांनी नादच सोडला. १९९७ पर्यंत देशातला मॉर्फिनचा वैद्यकीय वापर ९७ टक्क्यांनी घसरला होता. कॅन्सरचे पेशंट शेवटचे महिने ओरडत काढायचे. कायद्यात दुरुस्ती व्हायला २०१४ उजाडलं. त्यासाठी वर्षानुवर्षं दिल्लीचे उंबरे झिजवणाऱ्यांत पुढे होते डॉ. एम. आर. राजगोपाल. तेही भूलतज्ज्ञ. २००३ साली त्यांनी तिरुवनंतपुरमला पॅलियम इंडिया ही वेदनाशमनाची संस्था काढली, २०१८ ला पद्मश्री मिळाली. तेव्हा डॉक्टर म्हणजे दगड असं गृहीत धरू नका.


खाडीकाठ, राजापूर | रात्री ११.१५

डॉक्टर, राजगोपालांबद्दल आदरच आहे. पण केरळच्या वेदनाशमनाच्या कामाचं निम्मंच सांगितलंत. तिथलं खरं बळ शेजारपाजारच्या स्वयंसेवकांचं आहे. गावातला शिक्षक, रिक्षावाला, कॉलेजची पोरं घरोघरी जातात, पैसा गावातच गोळा होतो आणि निर्णयही तिथेच होतो. डॉक्टर-नर्स त्यांच्या मदतीला.


भूलथापा, कुडाळ | रात्री ११.३१

मान्य. पण १९९३ ला कोझिकोडची वेदनाशमन सोसायटी निघाली त्यातही राजगोपाल होतेच, डॉ. सुरेश कुमारही होते. डॉक्टरांनी दार उघडलं, मग लोक आत आले. झोपतो आता, उद्या सकाळी केस आहे.


देवबागकर, मालवण | ८ जुलै, सकाळी ६.२०

माझो भाव ट्रॉलरवर खलाशी होतो. जाळां ओढताना पाठीत चमक भरली ती काय गेली नाय. एमआराय केलो, डॉक्टर म्हणता काय एक नाय. मगे दुखता ता काय? आता ह्या दिल्लीच्या मिटिंगेत असो माणूस कसो बसतलो? खुर्चेर धा मिंटां बसलो तर उठवूक दोघे लागतत. तेका इमानात कोण घालतलो?


सत्यवचन | सकाळी ७.०२

एवढ्या चर्चेची गरजच काय? नव्वद टक्के वेदना मनाची असते. विपश्यना करा, सकाळी कोमट पाणी घ्या. संस्था काढून दुखणं कुरवाळायची ही फॅशन पाश्चात्त्यांची.


भूलथापा, कुडाळ | सकाळी ७.४०

सत्यवचन, केसला जाताजाता एवढंच. वेदनेच्या अभ्यासाची जी आंतरराष्ट्रीय संघटना आहे तिने २०२० मध्ये व्याख्या सुधारली. वेदना हा शरीराचा आणि भावनेचा मिळून अनुभव आहे असं ती म्हणते, आणि दुखतंय असं माणूस सांगतो तेव्हा त्याचा मान राखा, हेही त्याच व्याख्येच्या टिपांत लिहिलंय. मेंदूतून जाणवतं म्हणजे खोटं असतं असं नाही. देवबागकरांच्या भावाच्या एमआरआयमध्ये काही दिसत नाही, कारण एमआरआयला मणका दिसतो, दुखणं दिसत नाही. नव्वद टक्के हा आकडा कुठून आणलात?


सत्यवचन | सकाळी ७.५५

स्वानुभव.


सुपारी, श्रीवर्धन | सकाळी ८.३०

:) हा धागा वाचून राहवलं नाही.

मला फायब्रोमायाल्जिया आहे. मध्यंतरी मुंबईत एका कार्यक्रमाला रुग्ण म्हणून बोलायला बोलावलं होतं. पाच मिनिटं दिली होती. मी औषधांचा खर्च, इथून मुंबईचा प्रवास आणि तालुक्याला फिजिओथेरपिस्ट नसणं यावर बोलायचं ठरवलं होतं, कागदावर लिहूनही नेलं होतं. निवेदिकेने माइक हातात देताना विचारलं, "सर्वांत वाईट रात्र कोणती होती, सांगाल?" मी कागद वाचायला लागले तर तिने मधेच थांबवून पुन्हा तेच विचारलं. समोर बसलेल्यांना माझं रडणं हवं होतं, फिजिओथेरपिस्टची जागा कुणालाच नको होती. नंतर जेवणाच्या वेळी पहिल्या रांगेतले एक गृहस्थ म्हणाले, छान बोललात, पण थोडं अजून मनातून यायला हवं होतं.

झावळीताई, 'विशेष निमंत्रित' म्हणजे हेच असेल अशी मला धास्ती आहे. पदाचं नाव काहीही देऊ देत. ठराव लिहिताना पेन आपल्या हातात आहे का, तेवढं बघा.


वाशिष्ठी, चिपळूण | सकाळी ९.१०

सुपारी, फार वाईट वाटलं वाचून. तरी मी म्हणेन जावं. पण मत मागून जावं.


सातासमुद्रापार, मूळ गुहागर | सकाळी १०.०२

इथे अमेरिकेत रात्र आहे, पण लिहूनच झोपतो. या विषयात इथल्या लोकांनी बऱ्याच ठेचा खाल्ल्यात, त्या फुकट वापरा.

अमेरिकन क्रॉनिक पेन असोसिएशन ही इथली जुनी संस्था. १९८० मध्ये पेनी कोवन या बाईंनी पिट्सबर्गला छोट्या गटाने सुरू केली. बाई डॉक्टर नव्हत्या, स्वतः रुग्ण होत्या. झावळीताईंच्या वर्गासारखंच चित्र म्हणायला हरकत नाही. सप्टेंबर हा वेदना-जागृतीचा महिना पाळतात, तेही या संस्थेच्या पुढाकाराने. बाईंनी जवळपास चार दशकं संस्था सांभाळली. चांगलं काम, पण इतकी वर्षं एकच माणूस म्हणजे संस्था आणि माणूस यांत फरक उरत नाही, हेही खरं.

आता दुसरी बाजू. अमेरिकन पेन फाउंडेशन नावाची मोठी संस्था होती. रुग्णांचा आवाज म्हणून मिरवायची. २०१० सालचा तिचा निधी सुमारे ५० लाख डॉलर, आणि त्यातले ९० टक्के औषध आणि उपकरण कंपन्यांकडून आले होते. पत्रकारांनी २०११ अखेर ते बाहेर काढलं, मे २०१२ मध्ये सिनेटच्या समितीने चौकशी लावली आणि त्याच महिन्यात संस्थेने गाशा गुंडाळला. पुढे २०१८ ला सिनेटमधला आणखी एक अहवाल आला. पाच अफूजन्य औषध कंपन्यांनी २०१२ ते २०१७ या काळात १४ संस्था-संघटनांना मिळून सुमारे ९० लाख डॉलर दिले होते. यात रुग्णांच्या संस्था होत्या, डॉक्टरांच्याही होत्या.

आणि खाडीकाठ, रुग्ण प्रमुख असला की सगळं सोवळं, असंही नाही हो. इथल्या आणखी एका राष्ट्रीय संस्थेचे संस्थापक स्वतः रुग्णच होते. २०१८ ला त्यांना जावं लागलं आणि नंतर संस्थेचे पैसे लाटल्याचा गुन्हा त्यांनी कोर्टात कबूल केला. मंडळ होतं, सभा होत होत्या. पण पैशाच्या चाव्या एकाच कमरेला. ती संस्था टिकली ती मंडळाने सगळं आपणहून जाहीर केलं आणि दुसरं नेतृत्व आणलं म्हणून.

म्हणून माझा प्रश्न वेगळा आहे. अध्यक्ष कोण हे राहू द्या. सह्या कुणाच्या, देणग्या कुणाच्या आणि मुदत किती, ते मसुद्यात बघा.


रोखपाल, देवगड | सकाळी ११.२५

सातासमुद्रापार, मनातलं बोललात. झावळीताई, मसुद्यातली तीन-चार कलमं इथे टाका ना: सभा, गणपूर्ती, बँक, देणगी, मुदत. माझा धंदाच ट्रस्टांच्या ऑडिटचा. संस्था कोण चालवणार हे पहिल्या पानावरच्या नावांवरून कळत नाही, मागच्या पानावरच्या बारीक कलमांवरून कळतं.


झावळी, रत्नागिरी | दुपारी १.४०

सगळ्यांचे आभार. सुपारी, तुला वेगळा निरोप पाठवलाय.

रोखपाल, हे घ्या:

कलम ९. लागोपाठ तीन सभांना गैरहजर राहिल्यास सदस्यत्व आपोआप संपुष्टात येईल. हे निमंत्रितांनाही लागू राहील.
कलम १०. मंडळाच्या सभा दर तीन महिन्यांनी नवी दिल्ली येथे प्रत्यक्ष उपस्थितीत होतील.
कलम १२. गणपूर्ती सात सदस्यांची राहील.
कलम १७. बँक व्यवहार अध्यक्ष व खजिनदार यांच्या संयुक्त सहीने होतील.
कलम २१. देणग्या अध्यक्षांच्या मान्यतेने स्वीकारल्या जातील.

मुदतीबद्दल काही नाही. नोंदणी मुंबईला सार्वजनिक न्यास म्हणून करणार आहेत. म्हणजे नोंदणी मुंबईत आणि सभा दिल्लीत.


देवबागकर, मालवण | दुपारी १.५२

कलम नव वाचून हसाक इला. दुखणेकऱ्यांची संस्था, आणि दुखणां उठला म्हणान घराक बसलो तर नाव कट!


रोखपाल, देवगड | दुपारी ३.३०

देवबागकरांनी नेमकं बोट ठेवलं. कलम ९ आणि १० एकत्र वाचा. सभा दर तीन महिन्यांनी, दिल्लीत, प्रत्यक्ष. रत्नागिरीहून राजधानी पकडली तरी निम्मं वर्ष अंग सावरण्यातच जायचं. ज्याचं दुखणं कधी उठेल याचा भरवसा नाही तो माणूस वर्षभरात हमखास बाद होणार. कुणी त्याला काढायचीसुद्धा गरज नाही, नियमच काढतो. उद्या मतासकट दोन रुग्ण अकरांत घेतले तरी हे कलम राहिलं तर दोन वर्षांनी मंडळावर फक्त धडधाकट माणसं उरतील. रुग्णाला अध्यक्ष केलंत तर तोही याच कलमाने जाईल.

हे कुणी मुद्दाम केलंय असं मला वाटत नाही. कुठल्या तरी तयार नियमावलीतून उचललंय. आपल्याकडच्या देवस्थानांच्या नि क्रीडा मंडळांच्या घटनेत हेच कलम असतं.

आता कायद्याचं. कंपनी कायदा, २०१३ बघा. त्याच्या कलम १७३ प्रमाणे संचालकाने व्हिडिओवरून सभेला हजेरी लावली तर ती हजेरीच धरतात. आणि कलम १६७ प्रमाणे संचालकपद जातं ते बारा महिन्यांतल्या सगळ्या सभा चुकवल्या तर. नफा कमावणाऱ्या कंपन्यांना एवढी मोकळीक, आणि आपण रुग्णांच्या संस्थेत तीन सभांवर माणूस काढतोय. यांनी न्यासाऐवजी कलम ८ ची, म्हणजे नफा न वाटणारी, कंपनी काढली तर हे आपोआप लागू होईल. न्यासच काढायचा असेल तर हीच तरतूद घटनेत लिहून घ्या, घटना नोंदणीआधी बदलणं सोपं. नंतर प्रत्येक बदल धर्मादाय आयुक्तांकडे.

तेही सांगून टाकतो. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम २२ प्रमाणे विश्वस्त बदलला की ९० दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. तो मंजूर होईपर्यंत पीटीआरच्या (सार्वजनिक न्यास नोंदवहीच्या) उताऱ्यावर जुनीच नावं. आमच्याकडे देवगड तालुक्यात अशा संस्था दाखवतो की उताऱ्यावरचे निम्मे विश्वस्त स्वर्गवासी आहेत आणि बँक म्हणते त्यांची सही आणा. तेव्हा मुदत लिहायलाच हवी. तीन वर्षं, फार तर लागोपाठ दोनदा. मग घरी.

कलम १७: अध्यक्ष आणि खजिनदार, दोघंच. यातला एक आजारी पडला तर पगार अडकतात, आणि दोघं एक झाले तर काय होतं ते सातासमुद्रापारांनी सांगितलंच. चौघांची नावं द्या, कुठल्याही दोघांच्या सह्या, त्यात एक रुग्ण विश्वस्ताची असलीच पाहिजे.

कलम २१ तर काढूनच टाका. देणगी मंडळाने घ्यायची, एकट्या अध्यक्षाने नव्हे.


भूलथापा, कुडाळ | सायंकाळी ५.१०

रोखपाल, प्रतिसाद उत्तम. कलम ९ माझ्या डोक्यात आलं नव्हतं आणि मी रोज हेच पेशंट बघतो. अपॉइंटमेंट चुकली म्हणून आमच्या रिसेप्शनवर त्यांना बोलणी बसतात, आता तिथेही लक्ष घालायला हवं.

पण देणगीबद्दल व्यवहाराचं बोला. कंपन्यांचा पैसा सरसकट नको म्हटलं तर संस्था पोस्टाच्या खर्चालाही महाग होईल.


खाडीकाठ, राजापूर | सायंकाळी ५.३५

मग होऊ दे लहान. केरळात गावं चालवतात.


रोखपाल, देवगड | सायंकाळी ६.०५

खाडीकाठ, राष्ट्रीय संस्थेला दिल्लीत निदान एक पगारी माणूस लागतोच, तेवढा पैसा लागणारच. पण सगळे पैसे सारखे नसतात. सीएसआरखाली, म्हणजे सामाजिक जबाबदारी म्हणून, मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के द्यावे लागतात. सिमेंटवाला, बँकवाला, आयटीवाला देईल तर घ्या. वेदनाशामकं, इंजेक्शनं, पाठीत बसवायची उपकरणं विकणाऱ्यांचे नको. किंवा घेतलेच तर एकूण निधीच्या किती टक्क्यांपर्यंत, ते घटनेत आकड्यात लिहा आणि दरवर्षी नावानिशी वेबसाइटवर टाका.

परदेशी पैशाच्या नादी सुरुवातीला लागूच नका. एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) नोंदणीला निदान तीन वर्षांचं काम दाखवावं लागतं, खातं स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतच उघडावं लागतं, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर प्रशासकीय खर्चाला २० टक्क्यांची कात्री आहे. सातासमुद्रापार, तुम्हाला पाठवावेसे वाटले तरी थांबा.


सातासमुद्रापार, मूळ गुहागर | सायंकाळी ६.४०

मे महिन्यात येतो तेव्हा आंब्याच्या पेट्यांच्या पैशातून देईन. :)


सुपारी, श्रीवर्धन | सायंकाळी ७.२०

एक राहिलं. रुग्ण विश्वस्ताला प्रवासखर्च आणि सोबत्याचा खर्च मिळायला हवा, आणि तो आगाऊ. बिलं नंतर सादर करा असं असतं तिथे आमच्यासारखे जातच नाहीत. सर्जनसाहेबांना एक दिवस दवाखाना बंद ठेवणं परवडतं. कोळंबी सोलणाऱ्या बाईचा दिवस बुडाला की रोज बुडाला, वर अंग दुखून दुसरा बुडतो. मानधन म्हटलं की लोक समाजसेवेचे धडे द्यायला लागतात. देऊ देत. फुकट काम करायला फक्त ज्यांचं पोट भरलेलं आहे तेच येतात.

आणि अध्यक्ष एकच का? दोन सहअध्यक्ष ठेवा, एक रुग्ण, एक डॉक्टर. ज्याचा दिवस वाईट असेल त्याने झोपावं, दुसऱ्याने सभा चालवावी. अधिकार दोघांना सारखे.


भूलथापा, कुडाळ | रात्री ८.१५

सहअध्यक्षाची कल्पना पटली. मंत्रालयात डॉक्टरला बसवतील, पेशंटला बाहेर बाकड्यावर ठेवतील. जोडीने गेले तर दोघांना आत घ्यावं लागेल. झावळीताई, त्या दिल्लीच्या सर्जनांचे एक विद्यार्थी माझे सीनियर होते. तुमचं पत्र गेलं की मी त्यांच्या कानावर घालतो. माणूस हेकेखोर नाही असं ऐकून आहे.


वाशिष्ठी, चिपळूण | रात्री ८.३०

म्हणजे शेवटी जायचंच ना? मी पहिल्यापासून तेच म्हणत होते. :)


झावळी, रत्नागिरी | ९ जुलै, सकाळी ११.०५

काल रात्री गटातल्यांशी फोनवर बोलले आणि आज मेल लिहिला. गोडच लिहिलाय, पण अटी स्पष्ट घातल्यात. रुग्ण प्रतिनिधी अकरांच्या आत, मतासकट, आणि दोन नव्हे तर चार. डॉक्टर चार. दोन सहअध्यक्ष. कलम ९ रद्द, त्याऐवजी कंपनी कायद्यासारखं बारा महिन्यांचं. व्हिडिओची हजेरी ही हजेरी. वर्षातली निदान एक सभा दिल्लीबाहेर, रेल्वे स्टेशनपासून जवळ, आणि सभेच्या खोलीत आडवं व्हायला एक कॉट. (ही कॉट आमच्या ड्रायव्हरकाकांची. म्हणाले, बाकी काही नाही मिळालं तरी चालेल, पण हे लिहा.) सह्या, देणग्या, मुदत रोखपालांनी सांगितल्याप्रमाणे. प्रवासखर्च आगाऊ, सोबत्यासह.

हे सगळं मान्य झालं नाही तर निमंत्रित म्हणून येणार नाही, पण आमच्या गटाचे अनुभव लेखी हवे असतील तर देऊ, असंही लिहिलंय.

माझं नाव सहअध्यक्षपदासाठी मी सुचवलेलं नाही. आमच्यातली चिकुनगुनियावाली एक मावशी हिशेबाला आणि बोलायला दोन्हीकडे पक्की आहे, विश्वस्त म्हणून तिचं नाव दिलंय. तिला हिंदी येतं, इंग्रजी नाही. सभा हिंदीत चालवा, नाहीतर दुभाषा द्या, ही आणखी एक अट झाली.


देवबागकर, मालवण | सकाळी ११.३०

मावशेक माझो नमस्कार सांगा. आणि कॉट दोन मागा.


खाडीकाठ, राजापूर | दुपारी १२.१०

चार रुग्ण म्हटलंत ते बरं केलंत. त्यातला निदान एक पुरुष असू द्या, आणि एक पंचविशीच्या आतला. तरुण पोरांना या वयात कसलं दुखणं म्हणून घरचेसुद्धा उडवून लावतात.


झावळी, रत्नागिरी | दुपारी १२.४५

हे कालच ठरलंय, कॉलेजची मुलगी आणि चिरेखाणीतला एकजण तयार आहेत. उत्तर आलं की इथेच टाकते.

@रोखपाल, त्या १७३ आणि १६७ मध्ये नेमकं काय म्हटलंय ते सोप्या मराठीत चार ओळींत लिहून द्याल का? पुढच्या बैठकीत वाचून दाखवायचंय. मावशी विचारणारच, कायद्यात लिहिलंय ते दाखव म्हणून.


रोखपाल, देवगड | दुपारी २.२०

देतो. पण ३१ तारखेपर्यंत रिटर्नची गर्दी आहे, रविवारी संध्याकाळी बसून लिहितो. बैठक त्याआधी असेल तर फोन करा, तोंडी सांगेन.